झिजलेल्या जबड्यासाठी दंतरोपणाची निवड : आमची भूमिका व कार्यपद्धती

संस्थेचे सन्माननीय विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून दंतविभागाबाबत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. एका रुग्णास पक्के बसणारे कृत्रिम दात दिले जातात, दुसऱ्यास साधी कवळीच दिली जाते आणि तिसऱ्यास आधी हाड भरावे लागेल असे सांगून सहा महिने थांबविले जाते. हे नेमके कशावरून ठरते? प्रश्न रास्त आहे. दान देणाऱ्यास आपल्या पैशाचे काय होते हे कळले पाहिजे आणि रुग्णाच्या घरच्यांना आपल्या माणसाबाबतचा निर्णय कोणत्या आधारावर घेतला गेला हे समजले पाहिजे. या दोन्ही हेतूंनी प्रस्तुत लेखात या विषयाची शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडणी करीत आहोत.

भूम, परंडा, वाशी, कळंब या परिसरातील माणसाचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. मऊ भात, पाव यांवर भागविणाऱ्या प्रदेशात दात नसलेल्या माणसाचे कसेबसे निभावते. आपल्याकडे मात्र दात गेले की ताटातील भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खावी लागते. हुरडा, शेंगदाणे, ऊस, कच्ची काकडी, गाजर हे पदार्थ तर ताटातून नाहीसेच होतात. ‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सहज वापरतो. परंतु तिच्यातील दुसऱ्या भागाचा अर्थ दात गेलेल्या माणसाला रोज दोन वेळा अनुभवावा लागतो. आहार मऊ आणि एकसुरी झाला की डाळी, भाज्या, फळे कमी होतात आणि त्याचा परिणाम पुढे संपूर्ण प्रकृतीवर होतो. म्हणून दात बसविणे हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे असे आम्ही मानीत नाही.

जबड्याचे हाड का झिजते?

दाताचे मूळ ज्या हाडात रुतलेले असते ते हाड दातासाठीच निर्माण झालेले असते. चावताना दातावर पडणारा दाब मुळाभोवतीच्या सूक्ष्म तंतूंमार्फत या हाडापर्यंत पोहोचतो व त्या दाबामुळे हाड जिवंत, भरीव राहते. दात काढला की हे काम संपते आणि शरीर त्या हाडाचा भाग हळूहळू परत घेऊ लागते. बैल नसलेल्या गोठ्याची भिंत जशी कोणी लिंपत नाही, तसा हा प्रकार आहे.

ही झीज सुरुवातीस सर्वांत वेगाने होते. दाढ काढल्यानंतर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने कमी होते आणि त्यातीलही दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यानंतर वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. आन्ट्ये टॅल्ग्रेन या संशोधिकेने संपूर्ण कवळी वापरणाऱ्या रुग्णांचा तब्बल पंचवीस वर्षे मागोवा घेऊन १९७२ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांत खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. ‘वरची कवळी नीट बसते, खालची मात्र सारखी हलते’ ही जी तक्रार घरोघरी ऐकू येते, तिचे मूळ येथे आहे.

दात नसलेल्या जबड्यावर बसविलेली कवळी हिरडीवर टेकलेली असते. तिचा दाब हाडाला आतून मिळत नाही. तो वरून पडतो, आणि त्याने झीज थांबण्याऐवजी वाढतेच. जुनी, सैल झालेली कवळी वर्षानुवर्षे तशीच वापरली तर हे नुकसान अधिक होते. शेवटी खालच्या जबड्याची कड इतकी खाली जाते की ओठाला संवेदना देणारी नस, जी पूर्वी हाडाच्या आत सुरक्षित होती, ती जवळजवळ वर येते व कवळी टेकताच विजेचा झटका बसावा तशी कळ येते. अशा रुग्णाने कवळी खिशात ठेवून जेवायला बसावे, यात नवल नाही. वरच्या जबड्यात आणखी एक गोष्ट घडते. गालाच्या हाडाखाली सायनस नावाची हवेची पोकळी असते. दाढा गेल्यावर ती खाली पसरते. अशा रीतीने खालून हाड झिजते व वरून पोकळी उतरते, आणि दोहोंच्या मध्ये काही वेळा केवळ दोन-तीन मिलिमीटर हाड शिल्लक राहते.

आपल्या भागातील कारणे

हाड झिजण्याचे पहिले कारण म्हणजे हिरड्यांचा जुना विकार, ज्यास आपल्याकडे पायोरिया म्हणतात. या विकारात दात पडण्यापूर्वीच मुळाभोवतीचे हाड नष्ट झालेले असते. दात दुखत नाही, फक्त हलतो. म्हणून रुग्ण येत नाही, आणि येतो तेव्हा दात आणि हाड दोन्ही गेलेले असतात. मधुमेह ताब्यात नसल्यास हा विकार झपाट्याने वाढतो.

दुसरे कारण तंबाखू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक तोंडात ठेवण्याची वा चघळण्याची तंबाखू वापरतात. आपल्या ग्रामीण भागात स्त्रियांमध्ये मिश्रीची सवय जुनी आहे. दात घासण्याच्या निमित्ताने सुरू झालेली मिश्री दिवसातून चार-पाच वेळा लागू लागते व हिरड्यांचा नाश करते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. परंतु सुपारी व गुटख्याच्या सवयीने तोंडाच्या आतील अस्तर ताठ होऊन तोंड पुरेसे न उघडणारे रुग्ण आजही दिसतात.

तिसरे कारण साधे आहे: दात काढल्यानंतर वर्षानुवर्षे त्या जागी काहीच न बसविणे. हंगाम, मुलीचे लग्न, दुष्काळी वर्ष, बैलजोडी अशा गरजा दातापुढे उभ्या राहतात आणि दहा-पंधरा वर्षे निघून जातात. याशिवाय अपघातात जबडा मोडणे, जबड्यातील गाठी, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि २०२१ मधील काळ्या बुरशीचा आजार ही गंभीर कारणे आहेत. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

कृत्रिम दंतमूळ म्हणजे काय?

लोक ज्यास ‘स्क्रूचा दात’ म्हणतात, ते म्हणजे टायटॅनियम धातूचे एक लहान मूळ. ते हाडात बसविले जाते व त्यावर नंतर दाताची टोपी, पूल किंवा कवळी अडकविली जाते. स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशांच्या हाडावर वेगळ्याच विषयाचा अभ्यास करताना आढळले की, टायटॅनियमचे उपकरण हाडाशी इतके एकजीव झाले आहे की ते काढताच येत नाही. या निरीक्षणावर त्यांनी पुढे अनेक वर्षे काम केले आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात अशी दंतमुळे बसविली. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर या उपचारास जगभर मान्यता मिळाली.

आज योग्य रुग्णाची निवड करून बसविलेल्या शंभर दंतमुळांपैकी नव्वदाहून अधिक दहा वर्षांनंतरही टिकून असतात. मात्र या वाक्यातील ‘योग्य रुग्णाची निवड’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दंतमूळ हाडाच्या आधारावर उभे राहते. जेथे हाड नाही तेथे ते बसविणे म्हणजे मुरूम न भरता पाया घालणे होय. असे दंतमूळ सैल होते, पिकते, काढावे लागते, आणि जाताना उरलेले हाडही घेऊन जाते. रुग्णाची स्थिती पूर्वीपेक्षा वाईट होते. म्हणूनच निवडीचा प्रश्न इतका मोलाचा आहे.

निवडीपूर्वीची तपासणी

सर्वप्रथम आम्ही रुग्णाचे ऐकून घेतो. त्यास काय हवे आहे? भाकरी चावता यावी, बोलताना कवळी उडू नये, की समोरचे दात दिसावेत? अनेक वयस्क रुग्णांची अपेक्षा अगदी माफक असते आणि ती साध्या उपायाने पूर्ण होते. त्यानंतर तोंडाची तपासणी, रक्तदाब, रक्तातील साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी चाचणी आणि चालू असलेल्या सर्व औषधांची नोंद घेतली जाते. औषधांच्या पुड्या, जुन्या चिठ्ठ्या सोबत आणाव्यात असा आग्रह आम्ही याचसाठी धरतो.

पुढे जबड्याचा संपूर्ण क्ष-किरण फोटो काढला जातो. या फोटोत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. ती पाहण्यासाठी ज्यांना आवश्यक असेल त्यांनाच जबड्याचा त्रिमितीय स्कॅन सांगितला जातो. हाड मोजण्याचा हिशेब ढोबळमानाने असा: चार मिलिमीटर जाडीचे दंतमूळ बसवावयाचे तर त्याच्या दोन्ही बाजूंस किमान एकेक मिलिमीटर हाड हवे, म्हणजे एकूण सहा मिलिमीटर रुंदी हवी. खालच्या जबड्यात दंतमुळाचे टोक आणि नस यांच्यामध्ये किमान दोन मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. अन्यथा ओठ व हनुवटी कायमची बधिर होण्याचा धोका असतो. हाडाची घनताही पाहिली जाते. खालच्या जबड्याच्या पुढील भागातील हाड कठीण असते, तर वरच्या जबड्याच्या मागील भागातील हाड बहुधा भुसभुशीत असते. त्यामुळे एकाच रुग्णाच्या तोंडात एका ठिकाणी दंतमूळ सहज बसते आणि दुसऱ्या ठिकाणी बसत नाही.

निवडीच्या पायऱ्या

उपचार निवडताना आम्ही एक साधा क्रम पाळतो. जो उपाय सर्वांत कमी शस्त्रक्रियेत रुग्णाची गरज भागवितो, तो प्रथम. त्याने भागत नसेल तरच पुढची पायरी.

पहिली पायरी म्हणजे नीट बनविलेली नवी कवळी. हलणारी प्रत्येक कवळी हाडाच्या दोषामुळेच हलते असे नाही. ती जुनी झालेली असते, तिचे दात झिजलेले असतात किंवा माप चुकलेले असते. वरच्या जबड्यात टाळूचा विस्तीर्ण आधार मिळत असल्याने बऱ्याच रुग्णांना चांगली कवळी पुरेशी ठरते. कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या सुमारे चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच असतो, हे मात्र रुग्णास आधीच सांगितले पाहिजे.

दुसरी पायरी म्हणजे खालच्या जबड्यात दोन दंतमुळे बसवून त्यांवर अडकविलेली कवळी. आमच्या दृष्टीने झिजलेल्या जबड्याच्या वयस्क रुग्णासाठी हा सर्वांत उपयुक्त उपाय आहे. याचे कारण असे की, खालच्या जबड्याचा मागील भाग कितीही झिजला तरी हनुवटीजवळचा पुढील भाग बहुधा शाबूत असतो आणि तेथे नसेचा अडथळाही नसतो. सुळ्यांच्या जागी दोन दंतमुळे बसविली की कवळी त्यांवर झब्ब्याच्या टिचबटणाप्रमाणे अडकते, आणि रात्री ती काढून स्वच्छही करता येते. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच उपाय पहिल्या पसंतीचा मानावा, असे एकमताने मांडले. २००९ साली इंग्लंडमधील यॉर्क येथील तज्ज्ञांच्या निवेदनानेही त्यास दुजोरा दिला.

तिसरी पायरी लहान किंवा बारीक दंतमुळांची. हाडाची उंची कमी असेल तर सहा ते आठ मिलिमीटर लांबीची आखूड दंतमुळे वापरता येतात. हाड भरण्याची मोठी शस्त्रक्रिया त्यामुळे टळते, खर्च आणि गुंतागुंत दोन्ही कमी होतात. मात्र अशा दंतमुळांवर भार किती द्यावयाचा याची काळजी घ्यावी लागते.

चौथी पायरी म्हणजे अस्थिरोपण, अर्थात हाड भरणे. रुंदी कमी असल्यास कडेने हाड भरून जागा वाढविता येते. वरच्या जबड्याच्या मागील भागात सायनसचे पातळ अस्तर हळुवार वर उचलून त्याखाली हाड भरले जाते. पाच ते आठ मिलिमीटर हाड शिल्लक असेल तर हे काम दंतमुळासाठी केलेल्या छिद्रातूनच होते व दंतमूळ त्याच वेळी बसविता येते. त्याहून कमी असेल तर बाजूने खिडकी करून हाड भरावे लागते आणि ते पक्के होण्यास सुमारे सहा महिने थांबावे लागते.

पाचवी पायरी तिरक्या दंतमुळांची. पोर्तुगालमधील लिस्बन येथील डॉ. पाउलो मालो यांनी रूढ केलेल्या पद्धतीत जबड्याच्या पुढील भागात चार दंतमुळे बसविली जातात. त्यांतील मागची दोन तिरकी असतात. त्यामुळे सायनस आणि नस दोन्ही टाळून उपलब्ध हाडाचाच उपयोग होतो व संपूर्ण जबड्याचे स्थिर दात बसविता येतात. उपाय चांगला आहे. पण तो खर्चाचा आहे, त्यास अनुभवी हात लागतात व स्वच्छतेची शिस्त लागते.

शेवटची पायरी वरच्या जबड्यात हाडच उरले नसेल तेव्हाची. अशा वेळी तीस ते पन्नास मिलिमीटर लांबीची दंतमुळे थेट गालाच्या हाडात बसविली जातात. डोळ्याच्या खोबणीजवळून जाणारी ही शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन, जबड्याच्या शल्यचिकित्सकाकडूनच व्हावी लागते. अशा रुग्णांना आम्ही भूममध्ये न थांबविता छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयासारख्या मोठ्या केंद्राकडे जाण्याचा सल्ला देतो. लहान गावातील रुग्णालयाने आपली मर्यादा ओळखणे हाही रुग्णसेवेचाच भाग आहे.

भरावयाचे हाड कोणते?

हा प्रश्न रुग्णास विचारल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. हाड भरण्याचे चार मार्ग आहेत. पहिला, रुग्णाच्याच हनुवटीतून, जबड्याच्या मागील भागातून किंवा कंबरेच्या हाडातून तुकडा घेणे. हे हाड सर्वांत चांगले रुजते, पण आणखी एका ठिकाणी जखम होते. दुसरा, मानवी दात्याचे प्रक्रिया केलेले निर्जंतुक हाड. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून कार्यरत असलेल्या ऊतिपेढीने अशा हाडाचा पुरवठा करून देशातील दंतवैद्यकास मोठी मदत केली आहे. तिसरा, जनावराच्या, विशेषतः गाय-बैलाच्या हाडापासून बनविलेली भुकटी. चौथा, कॅल्शियम व फॉस्फेटपासून प्रयोगशाळेत बनविलेले कृत्रिम द्रव्य.

यांतील तिसऱ्या प्रकाराचा वापर जगभर होतो व त्याचे परिणामही चांगले आहेत. परंतु आपल्याकडील अनेक रुग्णांच्या धर्मभावनेस तो मानवणारा नाही. हाडावर पसरावयाचे पडदेही काही वेळा डुकराच्या वा गाईच्या ऊतींपासून बनविलेले असतात. कुंथलगिरीचे सिद्धक्षेत्र ज्या तालुक्यात आहे, जेथे हिंदू, मुस्लिम, जैन कुटुंबे एकाच प्रतीक्षालयात बसतात, तेथे ही गोष्ट संमतिपत्राच्या बारीक अक्षरांत दडवून ठेवणे योग्य नव्हे. ती स्वच्छ मराठीत तोंडी सांगून, पर्याय देऊन, मगच सही घ्यावी असा आमचा नियम आहे. रुग्णाने नकार दिल्यास कृत्रिम द्रव्य किंवा त्याचे स्वतःचे हाड वापरता येते, अथवा हाड न भरता होणारा उपाय निवडता येतो.

कोणास थांबावे लागते?

मधुमेह असणे हा दंतरोपणास अडथळा नाही. मधुमेह ताब्यात नसणे हा आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर आठच्या वर असल्यास आम्ही आधी साखर आटोक्यात आणण्यास सांगतो. तंबाखू, मिश्री, विडी सोडल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख दिली जात नाही. धूम्रपान करणाऱ्यांत दंतमूळ अयशस्वी होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. शिवाय जी सवय नैसर्गिक दात घेऊन गेली ती कृत्रिम दातही घेऊन जाणारच.

हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी दिली जाणारी काही औषधे जबड्याच्या हाडाची बरे होण्याची शक्ती कमी करतात. अशा रुग्णांत दात काढल्यानंतर वा शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे हाड उघडे पडून मृत होण्याचे प्रकार २००३ पासून वैद्यकीय साहित्यात नोंदविले गेले आहेत. वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे इंजेक्शन रुग्णाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून नातेवाइकांनी ते आवर्जून सांगावे. तोंड तीन बोटे उघडत नसल्यास मागील दाढांच्या जागी अवजार पोहोचतच नाही. तेथे प्रथम तोंड उघडण्याचा उपचार करावा लागतो.

आपल्या भागापुरती आणखी एक बाब आहे. येथील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. खालच्या जबड्यात दंतमूळ रुजण्यास सुमारे तीन महिने व वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने लागतात. या काळात जखमेची पाहणी आवश्यक असते. उसाच्या फडात पिकलेल्या हिरडीकडे कोण पाहणार? त्यामुळे अशा रुग्णांची शस्त्रक्रिया मृगाच्या आसपास करून दसऱ्यापूर्वी कवळी अडकवून द्यावी, असे वेळापत्रक आम्ही सोयीचे मानतो. दोन दंतमुळांवरील खालची कवळी या काळात बसते. हाड भरण्याचे उपचार बसत नाहीत. उपचार निवडताना हाही हिशेब धरावा लागतो.

कर्करोग व काळी बुरशी

शेजारच्या बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयामुळे या परिसरातील कर्करुग्णांना घराजवळ उपचार मिळू लागले. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून सुरू असून ती देशातील अशा प्रकारची पहिली मानली जाते. तोंडाच्या कर्करोगात जबड्याचा काही भाग काढावा लागतो व नंतर बहुधा किरणोपचार दिले जातात. किरणोपचार झालेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तेथे दात काढणे किंवा दंतमूळ बसविणे दोन्ही धोक्याचे ठरते. यासाठी नातेवाइकांना आमची कळकळीची सूचना आहे की, किरणोपचार सुरू होण्यापूर्वीच दातांची तपासणी करून घ्यावी व वाईट दात आधीच काढून घ्यावेत. नंतर दंतरोपणाचा विचार करावयाचा झाल्यास तो कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीनेच व्हावा.

२०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजेच काळ्या बुरशीच्या आजाराने देशात ४५ हजारांहून अधिक माणसे बाधित झाली. त्यांत महाराष्ट्रातील रुग्णांची संख्या सर्वाधिक होती. राज्य शासनाने त्या वर्षी या आजाराचा समावेश महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केला व त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. मात्र प्राण वाचविण्यासाठी कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. टाळूला भोक पडल्याने अन्न-पाणी नाकावाटे येते, उच्चार कळत नाहीत, आणि कमावता माणूस चारचौघांत बसणे टाळू लागतो. अशा रुग्णास प्रथम टाळूचे भोक झाकणारी विशेष कवळी दिली जाते. तिला धरून ठेवण्यास दात किंवा हाड उरले नसेल तर, आजार पूर्ण बरा झाल्याची खात्री झाल्यावर, गालाच्या हाडातील दंतमुळांचा विचार होतो. झिजलेल्या जबड्याच्या बाबतीत ज्यास खर्चिक उपाय म्हणून आपण मागे ठेवतो, तोच या रुग्णांसाठी अनेकदा एकमेव उपाय असतो.

देणगीचा विनियोग

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांसाठी उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. खाटांची ही तरतूद मुख्यतः दाखल रुग्णांच्या उपयोगाची आहे. दंतविभागातील बहुतेक उपचार रुग्णास दाखल न करताच होतात. त्यामुळे येथे देणगीदारांच्या साहाय्याचे महत्त्व अधिक आहे.

देणगीचा उपयोग कसा करावा याविषयीचा आमचा विचार आकड्यांत सांगतो. एका रुग्णाच्या दोन्ही जबड्यांना संपूर्ण स्थिर दात बसवावयाचे तर किमान आठ दंतमुळे लागतात. त्याच आठ दंतमुळांत चार रुग्णांना प्रत्येकी दोन दंतमुळांवर घट्ट बसणारी खालची कवळी देता येते. स्थिर दातांचे छायाचित्र अधिक आकर्षक दिसते हे खरे. परंतु चार घरांतील चार माणसे भाकरी चावून खाऊ लागली, तर दानाचे पुण्य आम्हांस तेथे अधिक दिसते. म्हणून सर्वसाधारण निधी आम्ही दोन दंतमुळांच्या कवळीसाठी आणि चांगल्या साध्या कवळ्यांसाठी वापरणे इष्ट मानतो. कर्करोग व काळ्या बुरशीच्या रुग्णांचा विचार मात्र या हिशेबाबाहेर ठेवावा लागतो; तेथे एकाच रुग्णावरील मोठा खर्चही सार्थ आहे.

याहूनही स्वस्त असा एक उपाय आहे, तो म्हणजे हाड झिजूच न देणे. हिरड्यांची वेळेवर सफाई, मधुमेही रुग्णाची सहामाही दंततपासणी, शाळांतून व महिला मंडळांतून मिश्रीविरोधी प्रबोधन, आणि दात काढतानाच त्या जागी पुढे काय बसवावयाचे याचा विचार, या गोष्टींना पैसा थोडा लागतो. त्यांचे छायाचित्र निघत नाही, कोनशिला बसत नाही. तरीही देणगीदारांनी या कामाकडे आपुलकीने पाहावे, ही विनंती.

नातेवाइकांच्या काही शंका

*‘आईचे वय पंचाहत्तर आहे, आता या वयात कशाला?’* वय हा अडथळा नाही. प्रकृती ठीक असेल तर पंचाहत्तरीतही दंतमूळ रुजते. प्रश्न विचारावा तो आईंनाच. त्यांना नको असेल तर आग्रह करू नये. त्यांना हवे असेल तर वयाचे कारण पुढे करू नये.

*‘तीन दिवसांत दात बसवून देतात असे ऐकतो, येथे सहा महिने का?’* हाड चांगले असेल, दंतमूळ घट्ट बसले असेल, तर काही रुग्णांत लवकर दात देता येतात. झिजलेल्या किंवा नव्याने भरलेल्या हाडात ही घाई बहुधा महागात पडते. कोठेही उपचार घ्या; हाडाचे माप काय निघाले, दंतमूळ अयशस्वी झाल्यास पुढे काय करणार आणि तपासणीस कोठे यावयाचे, हे तीन प्रश्न अवश्य विचारा.

*‘एकदा बसविले की काळजी मिटली ना?’* नाही. कृत्रिम दात किडत नाही, पण त्याभोवतीची हिरडी पिकते व हाड पुन्हा झिजते. रोज दोन वेळा सफाई, रात्री कवळी काढून ठेवणे आणि वर्षातून किमान एकदा तपासणी आवश्यक आहे. बसविलेल्या दंतमुळाची कंपनी व माप नोंदविलेले कार्ड जपून ठेवावे. पुढे दुरुस्तीच्या वेळी त्याचाच उपयोग होतो.

*‘दंतमूळ बसविता येणार नाही असे सांगितले, म्हणजे उपाय संपला का?’* मुळीच नाही. नीट माप घेऊन केलेली कवळी, तिची वेळोवेळी दुरुस्ती आणि आहाराविषयी मार्गदर्शन यांनीही पुष्कळ सुख देता येते. ज्यास दंतमूळ नाकारले त्यास रिकाम्या हाताने परत पाठवावयाचे नाही, हे आमचे तत्त्व आहे.

वरील विवेचनावरून लक्षात येईल की, दंतरोपणाची निवड ही रुग्णाच्या ऐपतीवरून किंवा उपचाराच्या नावीन्यावरून होत नसून हाडाचे माप, शरीराची प्रकृती, सवयी, श्रद्धा, हंगाम आणि रुग्णाची स्वतःची इच्छा या सर्वांचा मेळ घालून होते. हे काम तज्ज्ञांचे कौशल्य, विश्वस्तांचे मार्गदर्शन, देणगीदारांचे औदार्य आणि रुग्णांच्या कुटुंबीयांचा विश्वास या चारही आधारांवर उभे आहे.